नव्या आउटफिल्डरकडून किती अपेक्षा ठेवावी? पहिल्या हंगामाचे आकडे वाचताना

मे १९५१ मध्ये न्यू यॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाने विली मेज या वीस वर्षांच्या सेंटर फिल्डरला मिनियापोलिसच्या दुय्यम संघातून मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत बोलावून घेतले. मिनियापोलिसला ३५ सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी .४७७ होती, म्हणजे जवळपास दर दुसऱ्या प्रयत्नाला तो सुरक्षित फटका मारत होता (चेंडू मारून, बाद न होता, बेस या धावेच्या वाटेवरील टप्प्यावर पोहोचत होता). मेजर लीगमध्ये मात्र पहिल्या १२ प्रयत्नांत त्याला एकही फटका साधला नाही. त्यानंतर त्याने वॉरन स्पॅनसारख्या नामांकित पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) चेंडूवर होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) मारला आणि पुढचे १३ प्रयत्न पुन्हा कोरडे गेले. २६ प्रयत्नांत एक फटका, अशी ही सुरुवात होती. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी तरीही त्याला संघातून काढले नाही. हंगामाच्या शेवटी मेजची सरासरी .२७४ होती, त्याच्या नावावर २० होम रन होते आणि मेजर लीगच्या नॅशनल आणि अमेरिकन या दोन विभागांपैकी नॅशनल लीगचा ‘रूकी ऑफ द इयर’ (सर्वोत्तम नवोदित) हा पुरस्कार त्यालाच मिळाला. पुढे त्याची गणना या खेळाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंमध्ये होऊ लागली.

नवा आउटफिल्डर संघात आला की अमेरिकेतील प्रेक्षकांमध्ये दरवर्षी जो वाद रंगतो, त्याचे मूळ या २६ प्रयत्नांत आहे. एक गट म्हणतो की मुलात दम आहे, त्याला वेळ द्या. दुसरा गट आकडे पुढे करतो आणि विचारतो की वेळ द्यायचा तो किती. हा वाद निव्वळ मतांचा नाही, असे मला ठामपणे वाटते. कोणता आकडा लवकर विश्वासार्ह होतो आणि कोणत्या आकड्याला वर्षभर थांबावे लागते, हे समजले की त्यातील बराचसा गोंधळ दूर होतो.

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटपासून दूर पसरलेल्या हिरवळीवर तीन आउटफिल्डर असतात: डावीकडे लेफ्ट, मध्ये सेंटर आणि उजवीकडे राइट. उंच आणि लांब जाणारे चेंडू झेलणे व तेथून अचूक फेक करून धावपटूंना रोखणे हे त्यांचे काम. शिवाय प्रत्येकाला फलंदाजीही करावी लागते, आणि प्रसिद्धी प्रामुख्याने तिच्यामुळेच मिळते. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता संपतो, तर बेसबॉलमध्ये एकाच सामन्यात चार-पाच वेळा फलंदाजीची पाळी येते आणि हंगाम १६२ सामन्यांचा असतो. या पाळ्यांपैकी वॉक (फटका न मारताच बेस मिळणे) व काही किरकोळ प्रकार वगळून उरलेल्या प्रयत्नांना सुरक्षित फटक्यांचे जे प्रमाण पडते, ती फलंदाजीची सरासरी. दहा प्रयत्नांत तीन फटके म्हणजे .३००, आणि तो फलंदाज उत्तम मानला जातो. याचाच अर्थ असा की उत्तम फलंदाजही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो, आणि अपयश इतके नित्याचे असते तेथे थोड्या दिवसांच्या नोंदीवरून माणूस ओळखणे कठीण होते.

किती कठीण, ते साध्या गणिताने पाहता येईल. ज्याची खरी क्षमता .२८० आहे अशा फलंदाजाला ८४ प्रयत्नांत सरासरीने तेवीस-चोवीस फटके मिळायला हवेत. पण केवळ योगायोगाने यात चार फटक्यांचा फरक वर किंवा खाली सहज पडतो, आणि साधारण तीनांतून एकदा त्याहूनही मोठा पडतो. २० फटके मिळाले तर सरासरी .२३८ दिसते, २८ मिळाले तर .३३३. पहिला आकडा पाहून लोक त्याला परत दुय्यम लीगमध्ये पाठवायला सांगतील आणि दुसरा पाहून त्याच्या नावाचे जर्सी विकत घेतील, प्रत्यक्षात खेळाडू तोच असेल. हाच फलंदाज ६०० प्रयत्न खेळला तर असा योगायोगाचा फरक .२६२ ते .२९८ एवढ्या पट्ट्यात आक्रसतो. सहाशे प्रयत्न म्हणजे जवळजवळ संपूर्ण हंगाम. त्याच्या आत सरासरीवरून निकाल देणारा प्रेक्षक बहुतेक वेळा नशिबाचेच मोजमाप करत असतो.

नशीब कोठून शिरते, तेही पाहण्यासारखे आहे. चेंडू बॅटला लागून मैदानात पडला की पुढचे सारे फलंदाजाच्या हाती राहत नाही. सणसणीत फटका थेट क्षेत्ररक्षकाच्या ग्लव्हमध्ये जातो आणि बॅटच्या कडेला लागलेला मऊ चेंडू दोघांच्या मधोमध पडून फटका ठरतो. होम रन आणि स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात न मारताच फलंदाज बाद होणे) बाजूला काढले तर मैदानात राहिलेल्या चेंडूंपैकी सुमारे ३० टक्के चेंडू फटके ठरतात, हे लीगचे वर्षानुवर्षांचे प्रमाण आहे. जलद धावणारे आणि जोरकस मारणारे फलंदाज यापेक्षा थोडे वर राहू शकतात. पण एखाद्या नवख्याचे हे प्रमाण दोन महिने फारच वर किंवा फारच खाली असेल, तर ते मूळ पातळीकडे सरकणार असे धरून चालावे.

मग लवकर विश्वास ठेवावा असे काय आहे? माझ्या मते सर्वांत आधी पाहावे ते फलंदाजाने सोडलेल्या चेंडूंकडे. होम प्लेटच्या वर, साधारण गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत एक अदृश्य चौकट असते, तिला स्ट्राइक झोन म्हणतात. त्या चौकटीबाहेरचे चार चेंडू फलंदाजाने न मारता सोडले, तर त्याला फटका न मारताच पहिला बेस मिळतो, हाच वॉक. फटके आणि वॉक दोन्ही धरून फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो, ते ऑन-बेस प्रमाणातून दिसते आणि संघाच्या धावांशी त्याचे नाते सरासरीपेक्षा जवळचे आहे. बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवायची की नाही हा निर्णय अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळात घ्यावा लागतो, आणि तो शंभर-दीडशे पाळ्यांतच फलंदाजाचा स्वभाव दाखवू लागतो. मैदानातील योगायोग तेथे पोहोचत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अटलांटा ब्रेव्हज संघाचा जेफ फ्रँकूर हे आहे. २००५ च्या जुलैमध्ये, एकविसाव्या वर्षी तो मेजर लीगमध्ये आला आणि त्याने असा धडाका लावला की ऑगस्टमध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने त्याला मुखपृष्ठावर घेतले. अटलांटाजवळच वाढलेला, देखणा, राइट फिल्डमधून तोफेसारखी फेक करणारा हा मुलगा; ७० सामन्यांत .३०० ची सरासरी आणि १४ होम रन. पण त्याच ७० सामन्यांत त्याने ५८ स्ट्राइकआउट दिले आणि वॉक घेतले केवळ ११. जवळ येईल त्या चेंडूवर तो बॅट फिरवत होता. त्याचे होम रन आणि स्ट्राइकआउट वजा केले तर उरलेल्या १८५ चेंडूंपैकी ६३ फटके ठरले होते, म्हणजे ३४ टक्के. हा ओघ टिकणारा नव्हता, आणि तो आटला की आधाराला वॉकही नव्हते. पुढच्या वर्षी त्याने सर्व १६२ सामने खेळून २९ होम रन मारले खरे, पण सरासरी .२६० वर आली आणि ऑन-बेस प्रमाण .२९३ एवढेच राहिले. चौकटीबाहेरचा चेंडू टाकला तरी हा मारतो, हे पिचर्सना कळले होते, आणि असे असताना चौकटीत चेंडू टाकण्याचे त्यांना कारणच उरले नाही. फ्रँकूर बारा हंगाम मेजर लीगमध्ये खेळला आणि २००७ मध्ये त्याला क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कारही मिळाला, म्हणून त्याला अपयशी म्हणणे अन्यायाचे होईल. तो मुखपृष्ठाने वर्तवलेला महान खेळाडू झाला नाही, आणि तसे होणार नाही याची खूण २००५ मध्येच त्या ११ वॉकमध्ये होती.

याच्या अगदी उलट टोकाला आरन जज आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यू यॉर्क यँकीजतर्फे पहिल्याच प्रयत्नात त्याने ४४६ फूट लांब होम रन मारला, पण उरलेला हंगाम त्याला फार जड गेला. २७ सामने, ८४ प्रयत्न, १५ फटके, सरासरी .१७९ आणि ४२ स्ट्राइकआउट. म्हणजे निम्म्या प्रयत्नांत चेंडू मैदानात गेलाच नाही. यावर निराश होणारे प्रेक्षक चुकीचे बोलत होते असे म्हणता येणार नाही. स्ट्राइकआउटचे प्रमाण हाही लवकर स्थिरावणारा आकडा आहे आणि तो खरोखर धोक्याची सूचना देत होता. शिवाय जजची उंची सहा फूट सात इंच, त्यामुळे त्याची स्ट्राइक चौकट इतरांपेक्षा उंच आणि बॅटचा फेर लांब. अशा फलंदाजाला चेंडू हुकण्याचा धोका कायमच अधिक राहतो.

२०१७ मध्ये त्याने ५२ होम रन मारून रूकीचा तोवरचा विक्रम मोडला. मार्क मॅग्वायरचा ४९ होम रनचा हा विक्रम १९८७ पासून टिकून होता (दोनच वर्षांनी पीट अलॉन्झोने ५३ मारून तो पुढे नेला). आदल्या वर्षीचे त्याचे प्रयत्न १३० या मर्यादेच्या आत असल्याने नियमाप्रमाणे तो अजून रूकीच होता. पण प्रेक्षकांनी लक्ष द्यायचे ते ५२ पेक्षा दुसऱ्या एका आकड्याकडे: १२७ वॉक. स्ट्राइकआउट २०८ झाले, तरी प्रत्येक पाळीमागे त्यांचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले होते. सरासरी .२८४ असताना ऑन-बेस प्रमाण .४२२ होते. हुकण्याची सवय पूर्ण गेली नव्हती, परंतु कोणत्या चेंडूवर बॅट फिरवायची याची निवड पक्की झाली होती, आणि जोरकस फलंदाजाच्या हाती ही निवड आली की पिचरपुढे दोनच वाईट पर्याय उरतात: चौकटीत टाकून होम रनचा धोका पत्करा किंवा बाहेर टाकून त्याला बेस देऊन टाका.

जोर कसा मोजायचा, हा प्रश्न आता पूर्वीसारखा अंदाजाचा राहिलेला नाही. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व तीस मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा बसवलेली आहे. बॅटवरून निघताना चेंडूचा वेग किती, कोन किती, खेळाडू सेकंदाला किती फूट धावतो, हे सारे ती नोंदवते. ताशी ९५ मैल किंवा त्याहून अधिक वेगाने निघालेल्या चेंडूला जोरकस फटका म्हणतात. जून २०१७ मध्ये जजने बाल्टिमोरविरुद्ध मारलेला एक होम रन ताशी १२१.१ मैल वेगाने गेला आणि दुसऱ्याच दिवशीचा एक ४९५ फूट लांब पडला. असा फटका एकदाच मारला तरी तो त्या शरीराची क्षमता सिद्ध करतो, कारण तेवढा वेग योगायोगाने निर्माण होत नाही. म्हणून एखाद्या नवख्याची सरासरी .२०० असली, पण त्याचे चेंडू सातत्याने वेगाने निघत असले आणि तो बाहेरचे चेंडू सोडत असला, तर त्याच्याविषयी आशा बाळगायला भक्कम आधार आहे. सरासरी .३२० आणि फटके मात्र मऊ, अशा खेळाडूबाबत मी सावध राहीन.

तरीही यंत्रणेला न दिसणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांचा चाललेला अभ्यास. पहिल्या भेटीत पिचरला नव्या फलंदाजाची माहिती थोडी असते. दोन-तीन महिन्यांत प्रत्येक संघाकडे त्याच्या उणिवांचा नकाशा तयार होतो आणि त्याला त्याच जागी पुन्हा पुन्हा चेंडू पडू लागतात. जजच्या २०१७ च्या हंगामात हे स्पष्ट दिसले. हंगामाच्या मध्यावर होणाऱ्या ऑल-स्टार सामन्यापर्यंत त्याची सरासरी .३२९ आणि होम रन ३० होते. त्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत तो अडखळला, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने ३७ सामन्यांत त्याचा किमान एक तरी स्ट्राइकआउट झाला. सप्टेंबरमध्ये त्याने १५ होम रन मारले. त्या हंगामातील सर्वांत महत्त्वाचा महिना मला हाच वाटतो. जूनमधील जज बलवान आहे एवढेच कळले होते. त्याला खोलात अडकवल्यावरही तो वाट काढतो, हे सप्टेंबरने दाखवले. एखाद्या रूकीचा पहिला बहर पाहून मत बनवण्यापेक्षा त्याची पहिली घसरण आणि त्यानंतरचे सहा आठवडे पाहावेत, असे मी म्हणेन.

वय हा आणखी एक मुद्दा आहे आणि प्रेक्षक त्याला देतात त्यापेक्षा तो अधिक वजनाचा आहे. न्यू जर्सीतील मिलव्हिल या छोट्या गावचा माइक ट्राउट २००९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पंचविसाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि जुलै २०११ मध्ये, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, एंजल्स संघातर्फे मेजर लीगमध्ये उतरला. १२३ प्रयत्नांत त्याची सरासरी .२२० राहिली. पंचवीस वर्षांच्या खेळाडूने असे केले असते तर ती काळजीची गोष्ट ठरली असती. एकोणीस वर्षांच्या मुलाने तेथे टिकून राहणे हीच बातमी होती, कारण त्या वयाचे बहुतेक खेळाडू दुय्यम लीगच्याही खालच्या पायऱ्यांवर असतात. पुढच्याच वर्षी त्याने .३२६ ची सरासरी, ३० होम रन, ४९ स्टोलन बेस (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले पुढचे बेस) आणि १२९ धावा अशी कामगिरी केली आणि तो एकमताने अमेरिकन लीगचा सर्वोत्तम रूकी ठरला. वीस वर्षांचा खेळाडू आणि पंचवीस वर्षांचा खेळाडू आज सारखेच आकडे नोंदवत असतील, तर पहिल्याकडे शरीर भरण्याची आणि डोळा तयार होण्याची आणखी पाच-सहा वर्षे आहेत. जजने पंचविसाव्या वर्षी रूकी म्हणून जे केले ते या नियमाला अपवाद आहे, आणि अपवाद असतात म्हणून नियम सोडून देणे योग्य नाही.

येथेच मेजच्या .४७७ चे उत्तर मिळते. ड्युरोशर यांच्यासमोर २६ वाईट प्रयत्न होते, तसेच दुय्यम लीगच्या वरच्या पायरीवरची ३५ सामन्यांची विलक्षण नोंद, त्याचे वीस वर्षांचे वय आणि सेंटर फिल्डमध्ये रोज डोळ्यांना दिसणारे क्षेत्ररक्षणही होते. नवी माहिती आली की जुनी फेकून द्यायची नसते. दोन्हींना त्यांच्या आकारमानाप्रमाणे वजन द्यायचे असते. २६ प्रयत्नांचे वजन फार थोडे आहे.

क्षेत्ररक्षणाविषयी चर्चा कमी होते, पण आउटफिल्डरच्या भवितव्याचा पाया तेथेच घातला जातो. पिचरच्या हातून चेंडू सुटल्यानंतरच्या पहिल्या दीड सेकंदात तो किती अंतर हलला, पुढच्या दीड सेकंदात त्याने किती अंतर कापले आणि चेंडूपर्यंतची वाट सरळ होती की वळणाची, हे आता स्वतंत्रपणे मोजले जाते. पाय आणि अंदाज यांच्यात मंदीचे आठवडे क्वचितच येतात. फलंदाजी बसली तरी सेंटर फिल्डर दररोज संघाच्या धावा वाचवत राहतो, म्हणून त्याला संघात ठेवून शिकू देणे परवडते. लेफ्ट फिल्डमधला मंद खेळाडू फलंदाजीत अडखळला, तर त्याला खेळवत राहण्याचे समर्थन करणे अवघड जाते.

हे सर्व तपासूनही काही गोष्टी हाती लागत नाहीत. जो शार्बोनो याने १९८० मध्ये क्लीव्हलँडतर्फे .२८९ ची सरासरी आणि २३ होम रन यांच्या जोरावर अमेरिकन लीगचा रूकी पुरस्कार मिळवला. पुढच्या वर्षी पाठीच्या दुखापतीने त्याला ग्रासले, ४८ सामन्यांत सरासरी .२१० वर आली आणि त्याची मेजर लीगमधील संपूर्ण कारकीर्द २०१ सामन्यांतच आटोपली. त्याच्या पहिल्या हंगामाच्या आकड्यांत पाठ कोठेही नव्हती.

प्रेक्षक मत बदलू शकतात, संघांना मात्र ही अनिश्चितता असतानाच पैशाचे निर्णय घ्यावे लागतात. नवा खेळाडू साधारण सहा वर्षे संघाच्या ताब्यात राहतो, पण लवकर दीर्घ करार केला तर तो स्वस्तात मिळतो आणि खेळाडूला दुखापतीपासून संरक्षण मिळते. ब्रेव्हजने मे २०२२ च्या अखेरीस मायकेल हॅरिस या एकवीस वर्षांच्या सेंटर फिल्डरला दुय्यम लीगची सर्वांत वरची पायरी वगळून थेट मेजर लीगमध्ये आणले आणि ऑगस्टमध्ये, तीन महिनेही पूर्ण होण्याआधी, त्याच्याशी आठ वर्षांचा ७ कोटी २० लाख डॉलर्सचा करार केला. त्या हंगामात त्याने .२९७ ची सरासरी, १९ होम रन आणि २० स्टोलन बेस अशी नोंद करून नॅशनल लीगचा रूकी पुरस्कार मिळवला. वॉक मात्र २१ च होते. बाहेरच्या चेंडूंवर बॅट फिरवण्याची त्याची सवय पुढेही सुटलेली नाही, आणि २०२५ मध्ये वीस होम रन मारूनही त्याचे ऑन-बेस प्रमाण .२६८ पर्यंत घसरले. तरीही तो रोज सेंटर फिल्डमध्ये उभा राहतो, कारण तेथील त्याचे काम अव्वल दर्जाचे आहे आणि करारातील वार्षिक रक्कम तेवढ्या कामासाठीही जड ठरत नाही. हॅरिसचे चाहते आणि टीकाकार यांच्यातील वाद आजही याच दोन आकड्यांभोवती चालतो: त्याने वाचवलेल्या धावा किती, आणि त्याने न घेतलेले वॉक किती.